नदीकाठचा उन्हाळा आणि आपले गाव

(अल्बनी येथील उन्हाळी कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)





तथागत भगवान बुद्ध आणि परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून आम्ही विषयाकडे वळतो. संयोजकांनी आम्हांस दिलेला विषय आहे ‘नदीकाठचा उन्हाळा आणि आपले गाव’. काहींना हा विषय सहलीला शोभणारा, पण व्यासपीठाला हलका वाटेल. आपल्या सभांतून राज्यघटना, आरक्षण, धर्मांतर, शिक्षण यांवर पुष्कळ बोलले जाते आणि ते बोललेच पाहिजे. उन्हाळ्याची मौज आणि गावाची ओढ हे विषय मात्र आपण आजवर दुसऱ्यांसाठी सोडून दिले. शाळेत ‘माझे गाव’ या विषयावर निबंध लिहावा लागे. त्यात देऊळ यायचे, घाट यायचा, पाणवठा यायचा, पार यायचा. आपल्या वस्तीतील मूलही तो निबंध लिही आणि गुण मिळवी. पण त्या निबंधातल्या एकाही जागी त्याच्या आजोबांना मोकळेपणाने पाय ठेवता आलेला नसे. नदीत कोणी उतरावे आणि ‘हे गाव माझे’ असे कोणी म्हणावे, हा प्रश्न आपल्या चळवळीच्या मुळाशी आहे. म्हणून हा विषय आम्ही आनंदाने स्वीकारला.

प्रथम ज्या भूमीवर आपण जमलो आहोत तिची ओळख करून घेऊ. आज अल्बनी म्हटले की महामार्ग, मोठमोठी दुकाने, १९९३ साली सुरू झालेला मॅसी विद्यापीठाचा परिसर आणि १९९७ साली उभे राहिलेले क्रीडागार डोळ्यांपुढे येते. परंतु सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी हे एका ओढ्याच्या काठचे लहानसे खेडे होते. ओढ्याचे नाव लुकास क्रीक आणि खेड्याचे नावही तेच. माओरी लोक या भागास ओकाहुकुरा म्हणतात. वाइतेमाता बंदराचे पाणी भरतीच्या वेळी या ओढ्यातून गावापर्यंत चढते आणि ओहोटीला दोन्ही काठांवर चिखल व तिवरांची झाडे उघडी पडतात. ऑकलंडचा मोठा पूल १९५९ साली झाला. त्याच्या कितीतरी आधी, पक्के रस्ते नव्हते तेव्हा, या गावाची खरी वाट पाण्याचीच होती. कौरी वृक्षांचे लाकूड, कौरीचा डिंक आणि पुढे बागांतील फळे नावांतून शहराकडे जात. फळांच्या या व्यवसायावरूनच, पश्चिम ऑस्ट्रेलियातील अल्बनी या फळबागांच्या प्रदेशाचे नाव १८९० साली या गावाने घेतले. ‘अल्बनी सरप्राइझ’ नावाची काळ्या द्राक्षाची जात येथेच निपजली आणि या देशातील कित्येक परसांत तिचे वेल चढले. गावातील छोटे स्मारक-ग्रंथालय १९२२ सालचे आहे. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या तरुणांच्या स्मरणार्थ या खेड्याने ग्रंथालय बांधले! ज्या महापुरुषाने आपल्या ग्रंथांसाठी ‘राजगृह’ उभारले, त्याच्या अनुयायांना या गावाविषयी आपुलकी वाटण्यास एवढे एक कारणही पुरेसे आहे.

या भूगोलार्धात ऋतूंचे चक्र उलटे फिरते, आणि त्याबरोबर आपले स्मरणदिनही फिरले आहेत. १४ एप्रिल म्हटले की आपल्या पिढीच्या अंगाला चैत्राचे ऊन लागते. निळ्या पताका, रात्रभर चालणारी मिरवणूक आणि घामाने भिजलेले शुभ्र कपडे आठवतात. येथे त्या दिवशी पाने गळत असतात. उलट ६ डिसेंबर येतो तो पोहुतुकावाची झाडे लाल फुलांनी पेटू लागतात तेव्हा. २५ डिसेंबरचा मनुस्मृती दहन दिन, १ जानेवारीचा भीमा कोरेगावचा स्मृतिदिन, ३ जानेवारीची सावित्रीबाई फुले यांची जयंती, हे सारे दिवस येथे ऐन उन्हाळ्यात येतात. शाळा बंद असतात. रात्री साडेआठपर्यंत उजेड रेंगाळतो. कोणी केल पार्कच्या झाडीत बसते, कोणी ओढ्याच्या काठाने फिरते, कोणी पलीकडे लाँग बे किंवा ब्राउन्स बेच्या समुद्रावर जाते. सार्वजनिक शेगडीवर मक्याची कणसे भाजली जातात, कलिंगडाच्या फोडी वाटल्या जातात. आपली मुले नळाला तोंड लावून पाणी पितात आणि ओल्या अंगाने पुन्हा पाण्याकडे धावतात. त्यांना कोणी नाव विचारीत नाही, आडनाव विचारीत नाही, ‘दूर उभा राहा’ असे म्हणत नाही. मुलांना यात काही विशेष वाटत नाही. त्यांना ते वाटू नये, यातच तीन पिढ्यांच्या संघर्षाचे फळ आहे. पण त्यांना ते विशेष का वाटत नाही, हे मात्र त्यांना ठाऊक असले पाहिजे.

आता आपल्या मूळ गावच्या उन्हाळ्याकडे पाहू. आपल्यापैकी कोणी वैनगंगेच्या काठचा आहे, कोणी गोदावरीच्या, कोणी कृष्णेच्या, नीरेच्या, भीमेच्या, तर कोणी सावित्री-वाशिष्ठीच्या खोऱ्यातला. मुंबईच्या बी. डी. डी. चाळींतून, गिरण्यांच्या वस्त्यांतून, नागपूरच्या मोहल्ल्यांतून मुले सुट्टीला गावी जात. नदीचे पात्र आटलेले असे. वाळूत हाताने झिरा उकरावा आणि वाटीवाटीने पाणी भरावे. पात्रातच कलिंगड-खरबुजांच्या वाड्या असत. कैऱ्या, चिंचा, करवंदे, जांभळे यांच्या मागे दिवस जाई आणि रात्री अंगणात गोधडी टाकून चांदण्या मोजता मोजता झोप लागे. लग्नसराईत वाजंत्री वाजे, जयंतीला जलसे रंगत, वामनदादा कर्डकांच्या गाण्यांवर माणसे पहाटेपर्यंत डोलत. हा आनंद खरा होता. तो आपलाच होता, आणि त्याची आठवण काढताना कोणी संकोच करू नये.

पण त्याच नदीला दोन पाणवठे होते. वरचा पाणवठा गावाचा, खालचा आपला. पाणी वरून खाली वाहते, म्हणून आपली वस्तीही प्रवाहाच्या खालच्या अंगाला. विहिरीपाशी आपली आजी घागर घेऊन तासन्‌तास उभी राही. कोणाला दया आली तर वरून पाणी ओतले जाई, नाही आली तर घागर तशीच परत येई. ऊन सर्वांना सारखेच तापे, पाणी मात्र सारखे मिळत नसे. इतर ऋतूंत जे दुःख झाकून जाई ते उन्हाळ्यात उघडे पडे. म्हणून आपल्या माणसाला उन्हाळा म्हणताच सुट्टी आणि तहान या दोन्ही गोष्टी एकदम आठवतात.

याचा सर्वांत हृदयद्रावक दाखला स्वतः बाबासाहेबांच्या बालपणात आहे. साल होते १९०१. सुभेदार रामजी सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात नोकरीस होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने तेथे तलावाचे खोदकाम काढले होते आणि सुभेदार त्या कामावर खजिनदार होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी मुलांना आपल्याकडे बोलावले. साताऱ्याहून मुले निघाली. नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे जोडे, पहिल्यांदाच आगगाडीचा प्रवास! मसूर स्थानकावर उतरल्यावर घ्यायला कोणी आलेले नव्हते. स्टेशनमास्तरांनी जात विचारली आणि उत्तर ऐकताच त्यांचा चेहरा पालटला. एकही गाडीवान न्यायला तयार होईना. अखेर दुप्पट भाडे देऊन, गाडी मुलांनीच हाकावी आणि गाडीवानाने बाजूने चालावे, अशी तोड निघाली. जवळ भरपूर फराळ होता, पण घोटभर पाणी नव्हते. वाटेत पाणी दिसले ते गुराढोरांनी घाण केलेले. रात्री नाक्यावर पाणी मागितले, तेही मिळाले नाही. तलाव खोदण्याच्या कामाचा हिशेब ठेवणाऱ्या बापाची मुले उपाशी व तहानलेली झोपी गेली. बाबासाहेबांनी ही हकिकत ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात परदेशी वाचकांना समजावी म्हणून इंग्रजीत लिहून ठेवली आहे. ज्या मुलांना मराठी वाचता येत नाही त्यांच्या हाती पालकांनी हे छोटे पुस्तक अवश्य द्यावे.

आणि मित्रहो, त्या मुलाने पुढे काय केले ते पाहा! १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना देशाच्या जलनीतीची सूत्रे त्याच्या हाती आली. दामोदर खोऱ्याची योजना, महानदीवरील हिराकूडचा विचार, १९४५ साली स्थापन झालेला मध्यवर्ती जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग, या सर्वांमागे त्याची बुद्धी होती. ज्याला या देशाने घोटभर पाणी नाकारले त्याने या देशाच्या नद्यांचे पाणी सर्वांपर्यंत कसे पोहोचेल याचा आराखडा मांडला. सूडाला याहून उदात्त उत्तर जगात क्वचितच कोणी दिले असेल.

नदीकाठचे लहानसे गाव आणि उन्हाळा यांचा विचार करताना महाडचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. अल्बनीसारखेच महाडही भरतीच्या पाण्याशी जोडलेले गाव. सावित्रीच्या खाडीतून गलबते येत, माल चढे, माल उतरे. या गावातील चवदार तळे नगरपालिकेने १९२४ सालीच सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. त्याआधी ऑगस्ट १९२३ मध्ये रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठ्यांविषयीचा ठराव संमत करून घेतला होता. कागदावर पाणी खुले झाले, तोंडापर्यंत आले नाही. १९ व २० मार्च १९२७ रोजी, उन्हाचा ताव वाढू लागला असताना, तेथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. परिषदेला आलेल्या लोकांना पिण्यासाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. दुसऱ्या दिवशी हजारो लोक रांगेने तळ्याकडे निघाले आणि बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी उचलून प्राशन केले. त्यानंतर लोकांवर हल्ले झाले. कित्येकांनी मुसलमानांच्या घरी आश्रय घेतला. वर्षअखेरीच्या सत्याग्रह परिषदेसाठी बाबासाहेब व त्यांचे सहकारी मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने दासगावास उतरले आणि तेथून पायी महाडला गेले. परिषदेस जागा मिळेना, तेव्हा एका मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. तेथेच २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. न्यायालयातील लढा मात्र दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला.

महाडचा लढा हा निव्वळ पाण्यासाठी नव्हता, हे बाबासाहेबांनी तेव्हाच स्पष्ट केले होते. त्या पाण्यावाचून आपली माणसे मेली नव्हती. ती आपली माणुसकी सिद्ध करण्यासाठी तेथे गेली होती. आम्ही त्यात एवढीच भर घालू इच्छितो की ती माणसे आपल्या गावावरचा हक्कही सांगत होती. ज्या गावाचे पाणी आपले नाही ते गाव आपले कसे? १९३१ साली मुंबईत मणिभवनात गांधीजींच्या भेटीत बाबासाहेबांनी आपल्याला मायभूमी नाही असे सांगितले, तेव्हा त्यांनी दिलेल्या कारणांत प्यायला पाणीही मिळत नाही हे एक कारण होते. पुढे त्यांच्याच देखरेखीखाली घडलेल्या घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा यांचा नावानिशी उल्लेख आला. स्नानघाट हा शब्द आपण नीट वाचावा. नदीवर जाण्याचा, पाण्यात उतरण्याचा, काठावर निवांत बसण्याचा सामान्य माणसाचा अधिकार देशाच्या सर्वोच्च कायद्यात लिहिला गेला, तो महाडच्या वाटेने गेलेल्या माणसांमुळे.

येथे एक तुलना मनात येते. महाडच्या सत्याग्रहानंतर सवर्णांनी तळे ‘शुद्ध’ केले. शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेल्या एकशे आठ घागरी मंत्रघोषात त्या पाण्यात ओतल्या गेल्या. म्हणजे माणसाच्या ओंजळीने पाणी बाटले आणि शेणाने ते पवित्र झाले! आता ऑकलंडची रीत पाहा. येथेही पाणी अशुद्ध ठरते. मोठा पाऊस झाला की रस्त्यांवरची घाण आणि कधी मैलापाणीही ओढ्यांत व समुद्रात उतरते. मग दोन दिवस पाण्यात उतरू नये अशी सूचना दिली जाते, किनाऱ्यावर फलक लागतात. ही शुद्धाशुद्धता मोजमापावर ठरते, आणि ती गव्हर्नर असो वा झाडूवाला, सर्वांना सारखीच लागू होते. कौरीच्या राईत शिरतानाही असेच आहे. मुळांना लागणारा रोग पसरू नये म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला आपले जोडे घासून जंतुनाशकाने धुवावे लागतात. आपले पणजोबा गावाच्या वेशीतून जाताना जोडे हातात घेत. येथे झाडाच्या जिवासाठी सर्वांचेच जोडे धुतले जातात. पहिला नियम माणसाला कमी लेखणारा, दुसरा जीव वाचवणारा. मुलांना विवेकवादी दृष्टी म्हणजे काय हे समजावून सांगण्यास याहून सोपे उदाहरण सापडणार नाही.

परंतु परदेश म्हणजे स्वर्ग, असा भ्रम आपण बाळगू नये. पाण्यावर रेषा ओढण्याचे पाप अनेक देशांनी केले आहे. २७ जुलै १९१९ रोजी अमेरिकेत शिकागो येथे उन्हाने कासावीस झालेली काही कृष्णवर्णीय मुले मिशिगन सरोवरात पोहत होती. त्यांतला सतरा वर्षांचा यूजीन विल्यम्स गोऱ्यांसाठी मानलेल्या पाण्याकडे वाहत गेला, एका गोऱ्याने दगड मारले आणि तो मुलगा बुडून मेला. त्यातून उसळलेल्या दंगलीत अडतीस माणसे बळी पडली. आपल्या ऑकलंडच्या दक्षिणेला पुकेकोहे हे गाव आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथे चित्रपटगृहात माओरींसाठी वेगळ्या जागा होत्या, न्हावी त्यांचे केस कापीत नसत आणि पोहण्याच्या तलावात माओरी मुलांना इतरांसारखा मोकळा प्रवेश नव्हता. भारतीय व चिनी भाजीवाल्यांविरुद्ध ‘व्हाइट न्यूझीलंड लीग’ स्थापन झाली ती याच गावात, १९२० च्या दशकाच्या मध्यास. आज आपले मूल ज्या मोकळेपणाने पाण्यात उडी मारते तो मोकळेपणा येथेही कोणीतरी लढून मिळवलेला आहे. १९७१ साली ऑकलंडमध्ये ‘पॉलिनेशियन पँथर्स’ उभे राहिले आणि १९७२ साली मुंबईत ‘दलित पँथर’. दोघांनी नाव घेतले ते अमेरिकेतील एकाच चळवळीवरून. हे नाते आपण विसरता कामा नये.

या भूमीच्या मूळ माणसांकडून आपल्याला आणखी एक गोष्ट शिकता येईल. माओरी माणूस सभेत आपली ओळख करून देताना स्वतःचे नाव अगोदर सांगत नाही. माझा डोंगर हा, माझी नदी ही, माझे लोक हे, असे सांगून मग तो स्वतःकडे येतो. अशा परिचयाला ते ‘पेपेहा’ म्हणतात. व्हांगानुई नदीच्या काठच्या माओरी जमातींनी पिढ्यान्‌पिढ्या लढा दिला आणि २०१७ साली या देशाच्या संसदेने त्या नदीला कायद्याने व्यक्तीचा दर्जा दिला. त्या लोकांची जमीन गेली, भाषा दडपली गेली, तरी नदीवरचे प्रेम त्यांनी सोडले नाही. वसाहतवाल्यांनी केलेल्या अन्यायामुळे नदी परकी होत नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

आता आपण आपल्या मनातील अवघड प्रश्नाशी येऊन पोहोचलो. परदेशात दोन मराठी माणसे भेटली की दुसरा प्रश्न ठरलेला असतो: ‘तुमचे मूळ गाव कोणते?’ कधी त्यात निर्मळ जिव्हाळा असतो. कधी मात्र गावावरून आडनाव, आडनावावरून वस्ती आणि वस्तीवरून जात शोधण्याचा तो मार्ग असतो. म्हणून आपल्यातील काही जण तालुक्याचे किंवा जिल्ह्याचे नाव सांगून थांबतात, कोणी नुसते ‘मुंबई’ म्हणतात. त्यांना दोष देणे सोपे आहे. आम्ही तो देणार नाही. ज्याने पोळून घेतले आहे त्यालाच आगीची ओळख असते. तरीही विचारावेसे वाटते की लाज कोणाला वाटली पाहिजे? पाणी नाकारणाऱ्याला, की तहानलेल्याला?

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्यांविषयी कठोर शब्द काढले. खेडे हे संकुचितपणाचे, अज्ञानाचे व जातीयतेचे आगर आहे, असा त्यांचा आशय होता. खेड्यांचे गोडवे गाणाऱ्या विद्वानांना ते झोंबले. काहींना त्यात आणि गावाच्या ओढीत विसंगती दिसते. आम्हांस ती दिसत नाही. बाबासाहेबांनी गावगाड्याची व्यवस्था नाकारली. तिथली माती, नदी, आईच्या हातची भाकर यांना त्यांनी कधी नाकारले नाही. त्यांचे आडनावच आंबडवे या रत्नागिरी जिल्ह्यातील गावावरून आलेले आहे. आपल्यातही किती आडनावांच्या शेवटी ‘कर’ आहे! ज्या गावाने आपल्याला वेशीबाहेर ठेवले त्या गावाचे नाव आपण पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्या नावापुढे मिरवीत आलो. गावाने आपल्याला आपले म्हटले नाही, पण आपण गावाला आपलेच म्हणत राहिलो. यापेक्षा गावावरचे निष्ठावंत प्रेम ते कोणते?

मात्र प्रेम आंधळे असू नये. जे वाईट होते ते झाकून केवळ आमराई आणि चांदण्यांचे वर्णन केले तर ते खोटे होईल. उलट केवळ अपमानाचीच उजळणी केली तर आपल्या आजी-आजोबांनी त्या अपमानातही जपलेला आनंद आपण पुसून टाकू. त्यांनी उष्ट्या तुकड्यांवर दिवस काढले, तरी लग्नात गाणी म्हटली. खालच्या पाणवठ्यावर का होईना, मुलांना पोहायला शिकवले. आपल्या मुलांच्या हाती दोन्ही गोष्टी द्यावयास हव्यात, पूर्ण आणि खऱ्या.

‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे जे कारण दिले आहे ते आपणां स्थलांतरितांना फार जवळचे वाटावे. शाक्य आणि कोलिय यांच्या सीमेवरून रोहिणी नदी वाहत होती. तिच्या पाण्यावरून वाद झाला आणि शाक्यांच्या संघाने युद्धाचा निर्णय घेतला. सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला आणि आपल्या कुटुंबाला शिक्षा होऊ नये म्हणून स्वतः देशत्याग पत्करला. म्हणजे आपला शास्ताही एका नदीच्या पाण्यासाठी जन्मगाव सोडून निघालेला प्रवासी होता. पुढे ज्ञानप्राप्तीनंतर तो कपिलवस्तूस परत आला. त्याने गावाचा द्वेष केला नाही आणि गावाच्या चुकीपुढे मानही तुकवली नाही. गावावर प्रेम कसे करावे, याचा हा धम्माने घालून दिलेला आदर्श आहे.

समारोप करताना आम्ही चार गोष्टी आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट, प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरातील ज्येष्ठांकडून गावच्या पाण्याची कथा लिहून घ्यावी. नदीचे नाव काय, आपला पाणवठा कोठे होता, विहिरीवर कोण उभे राही, पहिल्यांदा सार्वजनिक नळाचे पाणी कोणी भरले, हे सर्व त्यांच्याच शब्दांत नोंदवावे. ही माणसे निघून गेली की ही कथा कोणत्याही ग्रंथालयात सापडणार नाही.

दुसरी गोष्ट, आपल्या मुलांनी आपली ओळख सांगताना मूळ गावाचे व नदीचे नाव ताठ मानेने सांगावे आणि त्याच्या शेजारी अल्बनीचे व या ओढ्याचेही नाव घ्यावे. दोन गावांवर प्रेम करणाऱ्याचे मन फाटत नाही, मोठे होते.

तिसरी गोष्ट, ज्या गावात राहतो त्याची चाकरी करावी. लुकास क्रीकच्या काठावर देशी झाडे लावण्याचे किंवा कचरा उचलण्याचे काम निघेल तेथे आपली कुटुंबे दिसली पाहिजेत. २७ जानेवारी २०२३ च्या महापुरात ऑकलंडने पाण्याचा कोप पाहिला. चार माणसे दगावली. ओढे तुंबले की काय होते हे आता कोणाला सांगावयास नको. सफाईचे काम आपल्या माथी जातीने मारले होते, ते आपण झुगारले. हेच काम नागरिक म्हणून, सर्वांच्या खांद्याला खांदा लावून, स्वेच्छेने करण्यात प्रतिष्ठाच आहे. आणि या भूमीचे मूळ रखवालदार असलेल्या ते कावेराउ आ माकी या माओरी समाजाविषयी मुलांना माहिती द्यावी.

चौथी गोष्ट, भारतभेटीत मुलांना दीक्षाभूमी व चैत्यभूमी दाखवतोच, तसे आपले खेडेही दाखवावे. तेथील विहार, अभ्यासिका, पाण्याची टाकी यांसाठी जमेल तेवढे करावे. जेथे आजीची घागर रिकामी परतली तेथे नातीच्या नावाने पाण्याची सोय झाली आणि ती वस्तीसकट सर्व गावाला खुली राहिली, तर महाडच्या ओंजळीचे ऋण अंशतः फिटेल.

बंधू-भगिनींनो, उन्हाळा उपभोगणे हा चैनीचा भाग नाही. मुलांनी निर्भयपणे पाण्यात उतरावे, आयाबायांनी निवांत काठावर बसावे, म्हाताऱ्यांनी गावाच्या गोष्टी सांगाव्यात, यासाठीच हजारो पावले एके दिवशी तळ्याकडे चालत गेली होती. म्हणून आजची दुपार मनमुराद उपभोगा. भरती दुपारनंतर आहे. मुलांना पाण्यात जाऊ द्या, पण मोठ्यांनी लक्ष ठेवा, आणि येथील ऊन फार कडक असते, तेव्हा टोप्या विसरू नका.



जयभीम! नमो बुद्धाय!